पंचनाम्यात न बसलेलं विष

कोजागिरी नुकतीच झाली होती. सकाळी सातच्या आत आधी सरपंचांचा फोन आला, पाठोपाठ पोलीस पाटलांचा. जनावर मेलं की मालक फोन करतो. सरपंच आणि पोलीस पाटील लागोपाठ फोन करतात तेव्हा माणसांचं काहीतरी बिनसलेलं असतं. "डॉक्टरसाहेब, तलावात कोनीतरी जहर टाकलन जी. ढोरं पडून ऱ्हायले. लवकर या, नाई तं इथं मारामारी होते."

मी भंडारा-गोंदियाच्या सीमेवरच्या एका तालुक्यात पशुधन विकास अधिकारी आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत. गावाला एक मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी लोकांनी काही शतकांपूर्वी असे तलाव या पट्ट्यात जागोजागी बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि ते सरकारजमा झाले. आज एकाच तलावावर तिघांचा हक्क असतो: पाणी धानाचं, मासे ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सहकारी संस्थेचे आणि काठ गावच्या गुरांचा. पाऊस चांगला झाला की तिघं गुण्यागोविंदानं राहतात. त्या वर्षी पाऊस बेताचा होता.

पोचलो तेव्हा गायघाटाजवळ चार गाई आणि एक गोऱ्हा मरून पडले होते. नैऋत्येच्या कोपऱ्यात उतार कमी आहे, म्हणून गावचा गायकी दुपारी कळप तिथेच पाण्यावर घालतो. आणखी सात-आठ जनावरं उभी होती, पण मान खाली, कान गार, मागचे पाय लटपटत. दोन गाईंना रक्ताची हगवण लागलेली. एका बाजूला गुरांचे मालक, दुसऱ्या बाजूला संस्थेचे ढिवर आणि मध्ये दोन पोलीस. मालकांचं म्हणणं असं की आदल्या आठवड्यात संस्थेच्या लोकांनी डोंग्यातून पोतं नेऊन पाण्यात ओतलं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. गुरं पाण्यात उतरतात आणि जाळ्यांची नासाडी होते, अशी संस्थेची जुनी तक्रार होतीच. म्हणजे हेतू तयार, पोतं तयार. वर पुरावाही होता. काठाच्या दगडांवर निळसर, मोरपंखी डाग वाळून बसले होते. "मोरचूद हाय जी हे," एक जण मला दगड दाखवत म्हणाला. "मिरचीवर मारतो ना आपन, तेच." मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पोलिसांनी असा एक दगड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाही होता.

सगळे म्हणत होते, फाडा. मी आधी कान टोचला.

रक्ताची हगवण आणि अचानक मृत्यू म्हटलं की फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, डोक्यात आलीच पाहिजे. फाशीनं मेलेलं जनावर उघडलं तर जिवाणू हवा लागून बीजाणू धरतात आणि ती जमीन कित्येक वर्षं नासते. फाडणाऱ्याच्या जिवाला धोका आहे तो वेगळाच. कानाच्या शिरेतला थेंब काचपट्टीवर पसरला आणि आमचे पशुधन पर्यवेक्षक ती पट्टी घेऊन मोटारसायकलनं दवाखान्यात गेले. त्यांना सगळा तालुका काकाजी म्हणतो. मिथिलीन ब्ल्यूनं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात काकाजींची नजर माझ्यापेक्षा तयार आहे. निरोप येईपर्यंत गर्दीनं मला बरंच काही ऐकवलं. आमच्या खात्यात गर्दीला घाबरून थेट सुरी चालवणारे अधिकारी आहेत, आणि फाशीचं नाव पुढे करून जनावर न उघडताच पुरायला लावणारे, अहवालात 'सर्पदंश' लिहून मोकळे होणारेही आहेत. दुसऱ्या प्रकारचे जास्त. तासाभरानं फोन आला: "चौकोनी टोकाचे नाहीत जी एकबी. उघडा." म्हणजे फाशीचे जिवाणू नव्हते.

तोपर्यंत जिवंत जनावरं तपासून झाली होती. आमच्या भागात विषबाधा म्हटलं की नव्वद टक्के लोकांच्या डोक्यात कीटकनाशक असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. थायमेट किंवा त्याच्या जातीचं काही पोटात गेलं तर तोंडाला फेस येतो, लाळ गळते, अंग थरथरतं, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी होतात, आणि पोट उघडलं की उग्र वास नाकात घुसतो. इथे यातलं एकही लक्षण नव्हतं. बुबुळं नेहमीची. हिरड्या आणि पापण्यांची आतली बाजू मात्र पांढरी फटक. रक्त बाहेर तर फारसं सांडलं नव्हतं, मग गेलं कुठे?

ते काळजात, म्हणजे यकृतात, गेलं होतं. पहिल्या गाईचं पोट उघडलं तेव्हा यकृत बरगडीच्या बाहेर आलेलं, कडा गोल झालेल्या, रंग जांभळट काळा. निरोगी यकृताची कड धारदार असते, बोटाला जाणवते. सुरीचा काप दिला तसं त्यातून रक्त वाहायलाच लागलं, आणि अंगठ्यानं जरा दाबलं तर तुकडा तुटून हातात आला. पाचही जनावरांत तेच. जनावर स्वतःच्या यकृतात रक्तस्राव होऊन मेलं होतं. रुमेन, म्हणजे पोटाचा मोठा पहिला कप्पा, उघडलं तर गवताच्या चोथ्यात हिरवा, चिकट लगदा. मग मी नीट पाहिलं. मेलेल्या प्रत्येक जनावराच्या नाकपुडीभोवती आणि पुढच्या गुडघ्यांच्या केसांवर तोच हिरवा थर वाळून बसलेला होता. मोरचूद पोटात गेलं असतं तर पोटाच्या अस्तराची आग झालेली दिसली असती. ती नव्हती.

गायघाटाच्या कोपऱ्यात पाण्यावर जाड हिरवी साय साचली होती. गावकऱ्यांना तिचं काही विशेष वाटत नव्हतं, कारण तलाव दर वर्षी हिरवा होतो. पण मी तिथे उभा असताना वारं समोरून, तलावावरून तोंडावर येत होतं. पावसाळाभर इथे वारं पश्चिमेकडून वाहतं आणि ही साय पूर्वेच्या पाळीला जाऊन लागते. तिथली पाळ उंच, गुरं त्या बाजूला जातच नाहीत. पाऊस सरला की वारं फिरतं, ईशान्येकडून येतं, आणि आख्ख्या तलावाची साय ढकलत आणून गायघाटात जमा करतं. तिच्या एकेका पेशीत हवेचे बारीक फुगे असतात, त्यामुळे ती बुडत नाही. वारं नेईल तिकडे जाते. त्यात पाणी मागे हटलेलं. तहानलेल्या गुरांनी त्या दिवशी पाणी थोडं आणि साय जास्त प्यायली असणार.

दगडावरच्या निळ्या डागाचा उलगडाही तिथेच झाला. नीलहरित शैवाल म्हणजे सायनोबॅक्टेरिया मरून फुटले की त्यांच्या पोटातला निळा रंग, फायकोसायनिन, बाहेर येतो. साय उन्हात वाळते तिथे दगड मोरपंखी होतो. मी पोलीस हवालदारांना हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पिशवी जीपमध्ये ठेवून दिली.

त्यानंतरचं काम सांगण्यासारखं नाही. कळप हलवला, विहिरीचं पाणी टाक्यात भरून दिलं, आजारी जनावरांना सलाईन, ग्लुकोज, कोळशाची पूड. या विषावर उतारा नाही. आणखी दोन गेली, बाकीची वाचली. वाचलेल्यांपैकी एका पांढऱ्या-काळ्या संकरित गाईची कातडी पुढच्या पंधरवड्यात फक्त पांढऱ्या भागावरून सोलून निघाली. यकृत बिघडलं की पचलेल्या हिरव्या चाऱ्यातलं एक रंगद्रव्य शरीराबाहेर टाकलं जात नाही, ते रक्तात फिरतं आणि ऊन लागलं की कातडी जाळतं. काळ्या कातडीला ऊन लागत नाही असं नाही, पण ती तग धरते. गाव ती गाय पाहायला येत होतं. जहर अजून अंगात आहे म्हणून तिचं दूध कोणी घेईना. मीही ते वासराला देऊ नका म्हणून सांगितलं होतं.

एका उत्साही कर्मचाऱ्यानं त्याच दिवशी तोडगा सुचवला: तलावात मोरचूद टाकू, शेवाळ मरून जाईल. ज्या मोरचुदावरून सकाळी डोकी फुटायची होती तेच दुपारी सरकारी खर्चानं ओतायला निघाले होते! विष पेशींच्या आत असतं. पेशी फोडल्या की ते एका दमात पाण्यात उतरतं, आणि उकळूनही जात नाही. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर लोकांनी तक्रार केली म्हणून धरणातल्या शेवाळावर मोरचूद टाकलं गेलं, आणि त्यानंतर १४८ माणसं आजारी पडली. त्यात बहुतेक लहान मुलं होती. तिथलं विष वेगळ्या जातीचं होतं, पण चूक हीच. हे सांगितल्यावर तोडगा मागे पडला. माझ्या हातून त्या दिवशी झालेलं सगळ्यात उपयोगाचं काम बहुधा हेच.

नमुने मी दोन संच घेतले. एक नियमानुसार: यकृत, मूत्रपिंड आणि पोटातला भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात, बरण्या लाखेनं सीलबंद, पोलिसांमार्फत. दुसरा स्वतःच्या जबाबदारीवर: यकृताचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये, रुमेनमधला लगदा आणि तलावातली साय बर्फात. पहिल्या संचाचं उत्तर यथावकाश आलं: कीटकनाशके आढळली नाहीत. ज्या विषांची यादी तपासतात त्यात हे नसतंच, त्यामुळे न सापडणं स्वाभाविक. पण गावात त्या कागदाचा अर्थ 'पैसे चारले' असा लागला.

दुसरा संच घेऊन मी एका विद्यापीठात शिकवणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीकडे गेलो. ती पदवीनंतर सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळली. सोबत मी आणखी एक बाटली नेली होती. पलीकडच्या टोल्याजवळ, म्हणजे वस्तीजवळ, एक बोडी, म्हणजे लहान तळं, आहे, तीही तितकीच हिरवी, आणि तिथे त्याच दिवसांत शेळ्या-म्हशी पाणी पिऊन ठणठणीत होत्या. गावातले लोक मला हेच विचारत होते. शेवाळानंच ढोरं मेली तर बोडीवरची का नाही मेली? प्रश्न रास्त होता.

आधी मी घरीच दोन्ही पाणी दोन काचेच्या बरण्यांत भरून रात्रभर ठेवलं. सकाळी दोन्हीकडे हिरवं वर येऊन बोटभर थर झालेला आणि खालचं पाणी जवळपास नितळ. साधं हिरवं शेवाळ असतं तर तळाला बसलं असतं. म्हणजे दोन्हीकडे सायनोबॅक्टेरियाच. मैत्रिणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत मायक्रोसिस्टिस: वेड्यावाकड्या पुंजक्यांत बारीक गोल पेशी, फुग्यांमुळे काळपट ठिपके दिसणाऱ्या. मी बराच वेळ एकदा ही पट्टी, एकदा ती पट्टी असं पाहत बसलो. ती हसली. "डोळ्यांनी नाही दिसणार. वीस वर्षं पाहणाऱ्यालाही नाही दिसत."

तिनं दोन्हींतला डीएनए काढून विष बनवणाऱ्या जनुकांपैकी एमसीवाय-ई नावाच्या एकाचा तुकडा पीसीआरनं, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवला. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलमध्ये गायघाटाच्या रांगेत सुमारे ४७० जोड्यांच्या लांबीच्या जागी स्वच्छ पट्टा. बोडीच्या रांगेत काहीच नाही. जनुक असलं म्हणजे विष बनतंच असं नसतं, काही वाणांत जनुक असून मोडलेलं असतं. म्हणून तिनं रुमेनच्या लगद्यात प्रत्यक्ष विषही तपासलं. ते होतं, भरपूर. मायक्रोसिस्टिन. फॉर्मॅलिनमधल्या यकृतातही पेशींचा नाश नेमका मधल्या शिरेभोवती दिसला.

एरवी प्रथिनं रायबोसोमवर तयार होतात, हे शाळेत शिकलेलं. मायक्रोसिस्टिन तसं बनत नाही. ते सात अमिनो आम्लांचं एक कडं आहे आणि ते जोडायला अवाढव्य विकरांची (एन्झाइमची) एक साखळी लागते. लग्नातल्या बुफेच्या टेबलासारखी: ताट पुढे सरकतं, प्रत्येक वाढप्यापुढे एकच पदार्थ, आणि वाढप्यांचा क्रम हाच ताटाचा क्रम. या सगळ्या वाढप्यांचे आराखडे जीवाणूच्या डीएनएत एकाच ठिकाणी, शेजारी-शेजारी आहेत. मायक्रोसिस्टिसच्या एका वाणात हा पुंजका २००० साली पूर्ण वाचला गेला: दहा जनुकं, सुमारे ५५ हजार जोड्या, दोन गटांत, एकमेकांकडे पाठ करून वाचली जाणारी. यातल्या एका वाढप्याच्या जागेवर शेजारच्याच जनुकातला तुकडा येऊन बसला की ल्यूसीनऐवजी आर्जिनीन वाढलं जातं आणि विषाचा नवा प्रकार तयार होतो. असे अडीचशेहून जास्त प्रकार माहीत आहेत. मधले दोन वाढपी गळून उरलेले सांधले गेले तेव्हा पाच आम्लांचं कडं झालं, ते नोड्युलारिन. १८७८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर पाणी पिऊन गुरं-मेंढरं मेली, त्याबद्दल जॉर्ज फ्रान्सिस यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. त्या सरोवरात नोड्युलारिन बनवणारा नोड्युलेरिया हा सायनोबॅक्टेरिया होता. शेवाळानं गुरं मारल्याची विज्ञानात नोंदली गेलेली ही पहिली घटना मानतात. नोड्युलारिन आणि मायक्रोसिस्टिन यकृतावर एकाच पद्धतीनं घाव घालतात: पेशीतली फॉस्फेट काढणारी विकरं बंद पाडतात, पेशीचा आतला सांगाडा कोसळतो आणि यकृतात रक्त साचतं.

मला झोप लागू न देणारी गोष्ट मात्र यापुढची होती. हा पुंजका मायक्रोसिस्टिसमध्ये आहे, प्लँक्टोथ्रिक्समध्ये आहे, ॲनाबीनामध्ये आहे. हे एकमेकांचे दूरचे नातेवाईक, आणि प्रत्येकात जनुकांची मांडणी थोडी वेगळी. मला आधी वाटलं, एकानं दुसऱ्याकडून उचललं असेल. जीवाणूंत हे सर्रास चालतं, आमच्या प्रतिजैविकांची वाट त्यानंच लावली. पण २००४ मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह या विषाच्या जनुकांची वंशावळ काढली, पेशीच्या रोजच्या कामाच्या जनुकांची वेगळी काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. त्या जुळल्या. म्हणजे विष बनवण्याची कला त्यांच्या फार जुन्या सामायिक पूर्वजाकडेच होती आणि पुढे अनेक वंशांनी ती टाकून दिली. आज बिनविषारी दिसणारे अनेक वाण मुळात विषारी पूर्वजांचे वंशज आहेत. प्लँक्टोथ्रिक्सच्या काही बिनविषारी वाणांत तर पुंजक्याचा नव्वद टक्के भाग गळून फक्त टोकं उरलेली सापडली. बोडीतल्या वाणाच्या डीएनएतही अशी टोकं असतील का, हे मला पाहायचं होतं. मैत्रीण म्हणाली, त्यासाठी पूर्ण अनुक्रम वाचावा लागेल, आणि तुझ्या गाईंसाठी तेवढा पैसा मला कोणी देणार नाही.

गावात हे सांगायला मी गेलो ते आखरावर, गावची गुरं गोळा होतात तिथे. मोबाइलवर जेलचा फोटो दाखवला. पुरुषांना पट्ट्यात रस नव्हता, त्यांना नाव हवं होतं. ज्यांच्या दोन गाई गेल्या त्या आजीबाईंनी मात्र बारकाईनं ऐकलं आणि विचारलं, "मंग हे जहर त्यानं कोनासाठी बनवलन जी?"

मी गप्प झालो. कारण खरं उत्तर 'कोणासाठीच नाही' असं आहे. विषाच्या या जनुकांचा पूर्वज गाईच्याच काय, कोणत्याही प्राण्याच्या आधीचा आहे असं त्या वंशावळीवरून दिसतं. मारायला यकृत नावाची वस्तूच जगात नव्हती. १९९७ मध्ये मायक्रोसिस्टिसमधलं एक जनुक मुद्दाम मोडून पाहिलं. विष बनणं थांबलं, पण पेशी प्रयोगशाळेत मजेत वाढत राहिली. मग एवढी ऊर्जा खर्चून ती हे का बनवते यावर शास्त्रज्ञांची अजून वादावादी चालू आहे. कोणी म्हणतं प्रखर उजेडात आणि ऑक्सिजनच्या ताणात ते तिच्याच प्रथिनांना चिकटून त्यांना सांभाळतं. कोणी लोहाचा संबंध लावतं. आमची गाय त्या हिशेबात कुठेच नाही. मी आजीबाईंना एवढंच म्हणालो की ते त्याच्या स्वतःच्या कामासाठी बनवतं, आपली ढोरं मध्ये आली. त्या म्हणाल्या, "असं कसं? जहर हाय म्हंजे कोनावर तरी हायच."

कागदांचंही म्हणणं तेच. भरपाईसाठी मृत्यूचं कारण लिहायचं असतं. वीज पडली तर रकाना आहे, पूर आला तर आहे. वाघानं मारलं तर वनखातं पैसे देतं, आणि आमच्याकडे ते बऱ्यापैकी वेळेवर मिळतातही. एक मालक मला म्हणालाच, "याच्यापेक्षा वाघानं नेली असती तं बरं झालं असतं जी." विषबाधा लिहिलं की पुढचा प्रश्न येतो, कोणी केली. अज्ञात इसम लिहिलं की गुन्हा, गुन्हा म्हटलं की तपास, आणि तपास म्हटलं की तो निळा दगड आणि संस्थेची माणसं. एका वरिष्ठांनी फोनवर प्रेमानं सुचवलं की सर्पदंश लिहा आणि सुटा. सात जनावरांना एकाच दुपारी साप चावला! दरम्यान एका वार्ताहरानं 'तलावात विषप्रयोग' असा मथळा देऊन टाकला होता. त्याला मी जेलचा फोटोही पाठवला होता, त्यानं तो छापला नाही.

मी 'सायनोबॅक्टेरियाजन्य यकृतविषबाधा, नैसर्गिक' असं लिहिलं. 'नैसर्गिक' लिहिताना हात अडखळला, कारण पोतं खोटं नव्हतं.

संस्थेच्या अध्यक्षांनी ते माझ्यापासून लपवलं नाही. "आमी सुपर फॉस्फेट टाकलो, शेन टाकलो, थोडा युरिया टाकलो. बीज सोडल्यावर टाकतातच जी. पानी हिरवं झालं तं मासा वाढते. आमाले टिरेनिंगमंदी तसंच शिकवलन." हे खरं आहे. रोहू-कटल्याच्या शेतीत पाणी हिरवं करणं हीच रीत आहे. हिरवं कोणत्या जातीचं होईल यावर ताबा कुणाचाच नसतो. वर पाणलोटातल्या शेतांतून येणारं खत, गावातून येणारं साबणाचं पाणी हे त्या पोत्याच्या कितीतरी पट असेल, पण ते पोत्यातून येत नाही, म्हणून ते कोणी पाहिलं नाही. प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असलं की मायक्रोसिस्टिसचे विषारी वाण बिनविषारींना मागे टाकतात, आणि कमी असलं की बिनविषारी तग धरतात. एका तलावात दोन्ही वाण शेजारी नांदतात, पाणी सारखंच हिरवं दिसतं, आणि पारडं कुठे झुकलंय ते पिणाऱ्याला कळत नाही. मागची कितीतरी वर्षं त्याच घाटावर, तसल्याच हिरव्या पाण्यानं गुरं मेली नव्हती. त्या वर्षी पारडं त्या पोत्यानं झुकवलं, की कमी पावसानं, की फिरलेल्या वाऱ्यानं सगळा माल एका जागी आणला एवढंच झालं? आदल्या वर्षाचं पाणी कोणी बाटलीत भरून ठेवलेलं नाही. मी ठेवलेलं नाही, कारण मामा तलावाचं पाणी तपासणं माझ्या कामात बसत नाही. ज्यांच्या कामात बसतं त्यांना गुरांशी देणंघेणं नाही.

अध्यक्ष काही दिवसांनी दवाखान्यात आले. सोबत कोरा कागद. "साहेब, लिवून द्या जी. आमचा दोष नाई म्हनून. गावात आमच्या बायांले पानी भरू देऊन नाई ऱ्हायले."

मी लिहिलं: सदर जनावरांच्या शवविच्छेदनात आणि नमुन्यांच्या तपासणीत, कोणत्याही व्यक्तीने पाण्यात विष टाकल्याचा पुरावा आढळलेला नाही. सही, शिक्का, तारीख.

त्यांनी तो दोनदा वाचला. दहावीपर्यंत शिकलेला माणूस, शब्द बरोबर पकडला. "पुरावा नाई म्हंता तुमी. दोष नाई असं नाई लिवलं."

"विष तुम्ही टाकलं नाही, हे मी कुठेही सांगेन. पण खताचं मला लिहिता येत नाही, भाऊ."

"टाकाव का नाई मंग, पुढच्या सालात?"

मी म्हणालो, दिवाळीपर्यंत तरी टाकू नका, आणि टाकायचं तर आधी मला पाण्याची बाटली आणून द्या. हे लिहून द्यायला त्यांनी सांगितलं नाही, मीही दिलं नाही. कागद घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवला आणि विचारलं, बाटली प्लास्टिकची चालते की काचेचीच लागते.